मोठ्या आईच्या घरची कढी

त्या मालिकेतल्या श्रीमंत पोरी कधी जेवत नसत. लांबलचक टेबल मांडलेलं असायचं, ताटं भरलेली असायची, आणि या बाया काट्याने एक पालेभाजीचं पान इकडून तिकडे ढकलत एकमेकींची वाट लावायचे बेत करायच्या. मी तेव्हा अकरावीत होते. दुपारी शाळेतून आले की एका हातात पोळीचा रोल आणि दुसऱ्या हातात माझा जुना मोबाइल धरून मी ते बघायची. मालिका परदेशातली होती, हिंदीत डब केलेली. बड्या घरांतली मुलंमुली, त्यांची महागडी शाळा, आणि त्याच शाळेत शिष्यवृत्तीवर शिकणारी एक स्वयंपाकिणीची पोर. तिची आई ज्या घरी रांधायची, त्याच घरची मुलगी तिच्या वर्गात होती आणि तिचा रोज पाणउतारा करायची. मी कोणाच्या बाजूने होते हे सांगायची गरज नाही.

आमचं शहर हिंदी मुलखातलं; तिथल्या ब्राह्मणपाऱ्यात, जुन्या मराठी वस्तीत, आम्ही दोन खोल्यांत राहायचो. बाबा रेल्वेत क्लार्क. मालिकांच्या ॲपची वर्गणी भरायची हा विचारही आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आला नसता. मला पासवर्ड मिळाला तो माझ्या चुलत बहिणीकडून. बाबांच्या मोठ्या भावाला मी मोठे बाबा म्हणते, त्यांच्या बायकोला मोठी आई. सदर बाजारात त्यांचं सोन्याचं दुकान आहे, आणि शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत इतकं मोठं घर आहे की वरच्या मजल्यावरच्या माणसाला जेवायला बोलवायचं तर फोन करावा लागतो. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्याहून दहा महिन्यांनी मोठी. तिने मला पासवर्ड दिला, माझ्या नावाचं वेगळं प्रोफाइलही करून दिलं, आणि मी तिला जीवशास्त्राच्या आकृत्या काढून द्यायला लागले. बेडूक, झुरळ, जास्वंदीचा छेद. असं तीन महिने छान चाललं होतं.

मग तिने फिजिक्सचं अख्खं जर्नल लिहून द्यायला माझ्याकडे पाठवलं. माझं स्वतःचं अर्धं व्हायचं होतं. मी म्हटलं, हे नाही जमणार. तिने "इट्स ओके" लिहून एक हसरा चेहरा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ॲप उघडलं. उघडल्याबरोबर त्यात आधी चेहरे येतात, कोण बघतंय ते विचारायला. मोठ्या बाबांचा, मोठ्या आईचा, तिचा आणि माझा. माझ्या चेहऱ्याच्या जागी चष्मा लावलेली एक म्हातारी आली होती, आणि तिच्याखाली माझं नाव पुसून स्वच्छ देवनागरीत लिहिलं होतं: कामवाली.

मला आधी वाटलं, मलाच चिडवलं आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. मी कुठे त्यांच्याकडे काम करत होते? काम करायची ती माझी आई.

हे नीट सांगायला हवं. आमच्या घराण्यातल्या महालक्ष्म्या मोठ्या बाबांकडे बसतात. आजीने जाण्याआधी दोन सुनांना समोर बसवून वाटणी केली होती. मुखवटे थोरलीकडे, आणि स्वयंपाक धाकटीच्या हातचा. तेव्हापासून दरवर्षी भाद्रपदात माझी आई दोन दिवस आधी आपली सोवळ्याची साडी आणि विळी कापडी पिशवीत घालून ऑटोने तिकडे जायची. सोळा भाज्यांची एकत्र भाजी, पुरण, आंबील, कढी, वडे, साठ-सत्तर पानांचा स्वयंपाक एकटीने करायची. पाय सुजायचे, पण तिला कोणी कष्टांबद्दल विचारलं की ती रागवायची. "मी का कोणाचं काम करून राहिली? माह्या सासूनं मले देल्लं आहे ते," म्हणायची. त्या घरात तिला सोफ्यावर नीट टेकून बसताही यायचं नाही, काय बोलावं ते सुचायचं नाही; पण ते तीन दिवस ती त्या स्वयंपाकघराची मालकीण असायची. मोठी आईसुद्धा आत यायच्या आधी दारातून विचारायची. माझ्या आईजवळ अभिमान करावा असं दुसरं फार काही नव्हतं.

त्यामुळे तो शब्द आईला कळता कामा नये, हे मी त्याच मिनिटाला ठरवलं. आणि त्याच मिनिटाला हेही ठरवलं की त्या पोट्टीला सोडायचं नाही.

मी दोनदा नाव बदललं. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ते परत तेच झालेलं. मग तिचा मेसेज आला, "अब चेंज किया तो पासवर्ड भी चेंज." खरं तर तिथेच मी ते ॲप काढून टाकायला हवं होतं. स्वाभिमानी माणसाने तेच केलं असतं. पण मालिका अशा जागी येऊन थांबली होती की मला राहवेना. पुढचे चार महिने मी रोज दुपारी त्या शब्दावर बोट ठेवून आत शिरले. या गोष्टीची मला अजून जितकी चीड येते तितकी त्या पोरीचीही येत नाही.

आणि मग तो भाग आला.

त्या भागात श्रीमंत घरी मेजवानी असते. स्वयंपाकिणीच्या मुलीला मुद्दाम बोलावलेलं असतं, तिच्याच आईने तिला सगळ्यांसमोर वाढावं आणि लोकांनी बघावं म्हणून. पोरगी येते. शांत बसते. मग चमच्याने ग्लास वाजवून उभी राहते, आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर त्या श्रीमंत मुलीने आजवर सगळ्यांबद्दल जे जे लिहिलं ते एकेक करून दाखवते. अख्खं दालन गप्प होतं. श्रीमंत मुलीच्या आईच्या हातातला ग्लास पडतो. पाहुणे एकेक करून उठून जातात. मुलगी रडत जिना चढते, आणि स्वयंपाकिणीची पोर आपल्या आईचा हात धरून पुढच्या दाराने बाहेर पडते.

मी तो भाग सहा वेळा बघितला. मला त्यातून एवढंच कळलं की मोठा पडदा पाहिजे, पाहुणे पाहिजेत आणि योग्य वेळ पाहिजे. मोठ्या बाबांच्या हॉलमध्ये भिंत व्यापणारा टीव्ही होता. त्या टीव्हीवर तेच ॲप होतं. आणि महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या होत्या.

बेत अगदी सोपा होता. जेवणाच्या दिवशी आरतीआधी हॉल भरलेला असतो. दुकानाची बडी गिऱ्हाइकं, त्यांच्या बायका, कॉलनीतले लोक. तेव्हा मी टीव्ही लावायचा. चेहरे पडद्यावर येतील. कोणीतरी वाचेल, कोणीतरी विचारेल. मोठ्या बाबांची मान शरमेने खाली जाईल आणि त्या पोरीची सगळ्यांसमोर खरडपट्टी निघेल. आईची मला भीती नव्हती. सोवळ्यातली बाई नैवेद्य होईपर्यंत स्वयंपाकघर सोडत नाही, कोणाला शिवत नाही, हॉलमध्ये तर पाऊलही टाकत नाही. आईच्या सोवळ्यावर माझा जितका भरवसा होता, तितका देवीवरसुद्धा नव्हता.

आदल्या दिवशी आईबरोबर गोल बाजारात जाऊन सोळा भाज्या आणल्या. आई भोपळा वाजवून बघत होती आणि मी मनात ग्लास वाजवत होते.

त्या दिवशी सगळं माझ्या मनासारखं होत गेलं. महालक्ष्म्या जरीच्या साड्या नेसून उभ्या होत्या, हॉल माणसांनी फुलला होता, पंखे फिरत होते तरी सगळे घामाघूम होते. बायका दागिने बघत होत्या, पुरुष जागेच्या गोष्टी करत होते, आणि चारपाच लहान पोरं सजावटीतल्या दिव्यांच्या माळा ओढत होती. मोठी आई वैतागून मलाच म्हणाली, "अगं, या पोट्ट्यांसाठी टीव्हीवर काही लावून दे बरं."

मी रिमोट उचलला.

चार चेहरे आले. भिंतीवर एकेक चेहरा परातीएवढा. चौथ्या म्हातारीखालचं अक्षर तर हॉलच्या दारातूनही वाचता आलं असतं. मी रिमोट चालत नसल्यासारखं केलं आणि थांबले.

एका गिऱ्हाइकाच्या बायकोने वाचलं. "अरे वा! कामवालीलापण वेगळं दिलं आहे तुम्ही? केवढं मोठं मन आहे हो तुमचं!"

मी मोठ्या आईकडे बघितलं. तिच्या हातात ग्लास नव्हता, हळदकुंकवाचं तबक होतं. ते पडलं नाही. ती हलकंसं हसली. तिला नवल म्हणून वाटलं नव्हतं. आणि मग माझ्या टाळक्यात आलं, जे चार महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं. त्या घरात हा टीव्ही रोज लागत होता. मोठे बाबा, मोठी आई रोज स्वतःच्या चेहऱ्यावर बटण दाबत होते, आणि शेजारचा तो शब्द रोज वाचत होते. चार महिने. बातम्या, क्रिकेट, सगळं त्या शब्दाशेजारून गेलं होतं आणि कोणाला तो खुपला नव्हता.

"अरे आंटी, ये इसका है," चुलत बहीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. तिला लपवावंसंही वाटलं नाही. "काकू हर साल खाना बनाने आती हैं ना, तो बस मज़ाक में रख दिया था."

"पोट्ट्यांची गंमत," मोठी आई म्हणाली.

आणि हॉल हसला. गप्प झाला नाही, उठून गेला नाही. चांगला पोट धरून हसला. मोठे बाबा हसले. दुकानाची गिऱ्हाइकं हसली. माझे बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. सगळे हसतात हे पाहून, जरा उशिराने, तेही हसले. त्या घरात भांडी घासायला येणारी बाई दिव्यांच्या वाती घेऊन दारात उभी होती. तिला ते लोक तोंडावर दीदी म्हणत. ती एकटी हसली नाही. तिने जमिनीकडे बघितलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

मीही बघितलं. आई दारात उभी होती. सोवळ्याची साडी, हातात डाव, कपाळावर घाम. उंबऱ्याच्या आत होती, सोवळं मोडलं नव्हतं. नैवेद्य तयार आहे एवढंच सांगायला ती आली होती. तिची नजर टीव्हीवर होती. माझी आई हळू वाचते, पण तो शब्द काही मोठा नव्हता.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी टीव्ही बंद केला आणि आत पळाले. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. मला तिला घट्ट धरायचं होतं, तिची क्षमा मागायची होती. ती मागे न वळता म्हणाली, "हात नको लावू. सोवळ्यात आहो मी."

"आई, मी मुद्दाम लावला टीव्ही. मला वाटलं, त्यांना लाज वाटेल."

"कवापासून आहे ते?"

"चार महिने."

"आन तू मले सांगतलं नाही." एवढंच म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं, आता ही डाव ठेवेल, पिशवी उचलेल आणि मालिकेतल्यासारखं आम्ही दोघी पुढच्या दाराने निघून जाऊ. पण सोळा भाज्या अर्ध्यावर टाकून जाणारी बाई नव्हती ती. तिने नैवेद्याची पानं घेतली. दोन महालक्ष्म्यांची, दोन बाळांची. भात, वरण, पुरण, भाजी, कढी, वडा, एकेक जिन्नस रीतसर वाढला, तूप सोडलं, चारी पानं झाकून बाजूला ठेवली. त्यांना नमस्कार केला.

मग तिने मिठाची बरणी उघडली.

आमच्याकडे देवीला दाखवण्याआधी स्वयंपाक कोणी चाखत नाही. मीठ अंदाजाने पडतं, आणि आईचा अंदाज तीस वर्षांत चुकलेला नव्हता. त्या दिवशीही चुकला नाही. कढीच्या पातेल्यात तिने मोजून घालावं तशी मूठ घातली. थांबली. आणखी एक घातली. मग भाजीत, मग वरणात. डावाने नीट ढवळलं. खाता येईल पण विसरता येणार नाही, इतकं ते मीठ होतं. बरणीचं झाकण लावून तिने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. "जा, पानं मांड," म्हणाली.

मी पानं मांडली. इतक्या उत्साहाने मी आयुष्यात कधी काम केलं नव्हतं.

आरती झाली, नैवेद्य झाला, पहिली पंगत बसली. सवाष्णींच्या शेजारी कुमारिका म्हणून माझी चुलत बहीण, पैठणीच्या परकरात. आईने सोवळं उतरवलं नाही. स्वतः वाढायला आली. "महालक्ष्म्यांचा प्रसाद आहे, पानात टाकू नका हं कोणी," प्रत्येक रांगेपाशी हसून सांगत गेली. ते काही तिने मनचं सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत आणि पानात कण टाकायचा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं.

पहिला घास गेला आणि हॉल गप्प झाला.

तो गप्पपणा मी आजही आठवून आठवून चघळते. त्या मालिकेतलं दालनही इतकं गप्प झालं नव्हतं. मोठं मन बघणाऱ्या बाईने वरणभाताचा घास तोंडात घोळवला, शेजारणीकडे बघितलं. शेजारीण पानाकडे बघत होती. एक गृहस्थ लोटीभर पाणी पिऊन पुन्हा धीराने भाजीकडे वळले. अळीमिळी गुपचिळी. देवीचं अन्न, बोलायचं कोणी आणि काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. पाहुण्यांची दया आली का? नाही आली. हसताना त्यांना आली होती का?

चुलत बहिणीने एका घोटात कढी संपवून सुटका करून घ्यायचा प्रयत्न केला. तिची वाटी रिकामी झाली न झाली तोच आई तिच्यापुढे वाकली.

"घे ना बेटा, अजून घे."

"बस काकू, हो गया."

"असं नाही म्हणत. कुमारिका उपाशी उठली तर देवी रागवते." आणि आईने वाटी काठोकाठ भरली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मोठ्या आईकडे बघितलं. मोठी आई दुरूनच कौतुकाने म्हणाली, "संपव बरं, काकू इतक्या प्रेमानं देऊन राहिली." तिने संपवली. आईने तिसऱ्यांदा वाढली. बाबांच्या पानात आईने न विचारता दोन डाव ओतले, आणि बाबांनी मान वर न करता ते खाल्ले.

यजमान शेवटच्या पंगतीला बसतात, त्यामुळे पाहुणे जाईपर्यंत मोठ्या आईला काहीच ठाऊक नव्हतं. पाणी फार लागून राहिलं, एवढं मात्र ती दोनदा म्हणाली. शेवटी ती बसली, आई तिच्या शेजारी बसली. मोठ्या आईने कढीचा भुरका मारला आणि थांबली. तिने वळून आईकडे बघितलं. आई शांतपणे जेवत होती. तीच कढी, तीच भाजी, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. मोठी आई खूप वेळ तिच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला जे समजायचं ते समजलं.

निघताना आईने विळी धुऊन पिशवीत घातली. दरवर्षी ती तिथेच कोरडी करून दुसऱ्या दिवशी न्यायची. कढीचं पातेलं अजून अर्धं होतं, भाजीची कढई तेवढीच.

"ताई," आई दारातून म्हणाली, "उरलेलं बाहेर कोणाले देऊ नका हं. प्रसाद घराबाहेर जात नाही. घरच्यांनीच संपवा."

ऑटोत बाबा पुढे बसले, आम्ही दोघी मागे. माझ्या फोनवर ॲप उघडलं तर पासवर्ड बदललेला. मालिकेचे शेवटचे दोन भाग मी आजतागायत बघितलेले नाहीत. मी आईला हळूच विचारलं, "देवीला चालेल का गं?"

"देवीच्या पानात बरोबर होतं," आई म्हणाली. मग ती बाहेर बघायला लागली आणि घरी येईपर्यंत पदराने डोळे पुसत राहिली. तेव्हा मला माझी खरी चूक कळली. त्या पोरीने तिला एक शब्द दिला होता, पण तो तिच्यापर्यंत नेऊन मी पोहोचवला होता. आजीने दिलेली चूल तिच्या हातून गेली ती त्या दिवशी.

पुढल्या वर्षी भाद्रपद आला. आई कोणाला न सांगता गोल बाजारात जाऊन सोळा भाज्या घेऊन आली होती, पाव पाव किलो. आमच्या दोन खोल्यांत, देवघरातल्या तसबिरीपुढे, तिघांपुरत्या. ती विळीवर बसून दोडका चिरत होती तेव्हा मोठ्या आईचा फोन आला. आईचे हात ओले होते म्हणून मी फोन स्पीकरवर लावून तिच्याजवळ धरला.

मोठी आई आधी तब्येतीचं बोलली, मग पावसाचं. मग म्हणाली, "यंदा येतेस ना? मागचं काय ते डोक्यात नको ठेवू बाप्पा. तुझ्यासारखी कढी कोणाले जमत नाही."

आईने दोडक्याची फोड पाण्यात टाकली.

"ताई," ती म्हणाली, "एखादी कामवाली पाहा ना."